फलकावरील नाव

गेल्या स्वातंत्र्यदिनी आमच्या तालुक्याच्या गावी, मुख्य चौकात, माजी सैनिकांच्या छायाचित्रांचा एक भव्य फलक लागला होता. सातारा जिल्ह्यातल्या ह्या भागात सैन्यात गेलेला माणूस शोधावा लागत नाही. फलकावर वीस-बावीस चेहरे होते आणि त्यांच्या वरच्या बाजूस, त्यांच्याहून दुप्पट आकाराचे, शुभेच्छुकांचे चेहरे होते. त्या सैनिकांपैकी एक चेहरा मला ओळखीचा वाटला. थोडे आठवल्यावर ध्यानात आले, की दरमहा पगाराच्या दिवशी बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभे असणारे हेच ते गृहस्थ. १९९९ च्या कारगिल युद्धात द्रासच्या रस्त्यावर त्यांनी दारूगोळ्याचे ट्रक नेले होते, हे मला त्या फलकावरून प्रथमच कळले. पुढच्या खेपेस मी त्यांचे अभिनंदन केले. ते संकोचाने हसले आणि म्हणाले, ‘‘वडिलांचं नाव चुकलंय, सर. बाकी ठीक आहे.’’

ही चूक किरकोळ म्हणून सोडून देता येईल. परंतु गावाने आपल्या सैनिकांचा जाहीर सन्मान करावयाचा म्हणजे नेमके काय करावयाचे, हा प्रश्न त्या एका वाक्यात दडलेला आहे, असे मला वाटते.

सैनिकांची आठवण गावाच्या दर्शनी भागी ठेवण्याची प्रथा आपल्याकडे नवी नाही. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावातील ४६ जण पहिल्या महायुद्धात कामी आले. ‘मिलिटरी अपशिंगे’ हे नाव त्या गावाला उगाच मिळालेले नाही. त्या युद्धानंतर ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानातील अनेक गावांत लहान दगडी पाट्या बसविल्या. ह्या गावातून इतके पुरुष महायुद्धास गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच त्यांवरील मजकूर. दोन संख्या, आणि नाव मात्र एकाचेही नाही. आकड्यांवर ज्याचा चरितार्थ चालतो त्या अर्थशास्त्राच्या अध्यापकालाही अशी पाटी वाचताना अस्वस्थ व्हावे लागते. साम्राज्याने माणसे मोजली होती, ओळखली नव्हती.

हेच थोरल्या प्रमाणावर मेसोपोटेमियात घडले. २९ एप्रिल १९१६ रोजी कूट येथे शरण जावे लागलेल्या सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये मराठा पलटणी होत्या. त्या मोहिमेतील मृतांसाठी १९२९ मध्ये बसरा येथे स्मारक उभारण्यात आले. त्यावर ब्रिटिश सैनिकांची आणि हिंदी अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली. हिंदी शिपायांची मात्र पलटणवार संख्या तेवढी नोंदविण्यात आली. ह्या भेदभावाची जाहीर कबुली देऊन क्षमा मागण्यास राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाला एप्रिल २०२१ उजाडावे लागले. शतकानंतर मागितलेली ही क्षमा शिपायाचे नाव कोरले न जाणे हा अन्याय होता, हे मान्य करणारी आहे.

दुसऱ्या महायुद्धापर्यंत हा दृष्टिकोन काहीसा बदलला. माणगाव तालुक्यातील नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत एकट्याने शत्रूच्या मशीनगनवर चालून गेले आणि धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांचे दफनस्थान ज्ञात नाही. पण कसिनो येथील स्मारकावर त्यांचे नाव आहे आणि माणगावात त्यांचा पुतळा आहे. माणगावच्या मुलाला ह्या गावचा माणूस म्हणून बोट दाखविता येते, हे त्या पुतळ्याचे खरे मोल.

तथापि पुतळा एखाद्याच पराक्रमी पुरुषाचा होतो. सैन्य चालते ते स्वयंपाकी, चालक, तारायंत्री, परिचारक आणि रात्रीच्या पहाऱ्यावरचे शिपाई ह्यांच्या बळावर. पदक न मिळालेले हे लोक ऐन पस्तिशी-चाळिशीत निवृत्त होऊन गावी परततात आणि दुसरी नोकरी शोधू लागतात. त्यांच्या वाट्याला कापडी फलक येतो. दगडी पाटीवर संख्या होती व नाव नव्हते. आपल्या फलकावर नाव आहे, पण ते चुकलेले आहे, आणि आठ दिवसांनी तेही उतरविले जाते. लोकशाहीने साम्राज्याहून थोडे अधिक करावयास हवे.

कोणी म्हणेल, फलकांनी पोट भरत नाही. माजी सैनिकाला निवृत्तिवेतन, नोकरी आणि कचेरीत वेळेवर होणारे काम द्या. हा आक्षेप रास्त आहे. सन्मान हा हक्काला पर्याय ठरू लागला, तर तो स्वस्तातला सौदा होय. परंतु ज्याचे नाव गाव रोज वाचते, त्याचा अर्ज टेबलावर पडून राहणे थोडे तरी अवघड होते. शिवाय युद्धाचा गौरव आणि सैनिकाची नोंद ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. युद्ध नको असे मानणाऱ्यानेही त्याची किंमत कोणी मोजली, हे विसरता कामा नये.

मग करावे काय? महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आणि ग्रामपंचायती ह्यांच्या साहाय्याने नावांची यादी करावी. प्रत्येक नाव त्या घरी जाऊन पडताळून घ्यावे. हयात आणि दिवंगत, सुभेदार आणि शिपाई, सर्वांची नावे हुद्द्याच्या नव्हे तर अकारविल्ह्याच्या क्रमाने दगडावर कोरावीत आणि तो दगड एस.टी. स्थानकात किंवा सार्वजनिक वाचनालयात लावावा. देणगीदाराचे नाव त्यावर नसावे. जनरल करिअप्पा १४ जानेवारी १९५३ रोजी निवृत्त झाले. त्या स्मरणार्थ १४ जानेवारीस माजी सैनिक दिन पाळला जातो. त्या दिवशी ही नावे मोठ्याने वाचली जावीत.

आणि खाली जागा मोकळी ठेवावी. २०२२ मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेनुसार चार वर्षांनंतर फार तर चौथा हिस्सा तरुण कायम सेवेत राहणार होते; उरलेल्यांनी निवृत्तिवेतनाशिवाय गावी परतावयाचे होते. ह्या पंचविशीतल्या मुलांना आपण माजी सैनिक मानणार आहोत काय? शासनाचे नियम काहीही असोत, गावाच्या दगडावर कोणाला स्थान द्यावयाचे, हे गावाच्या हाती आहे.

आमच्या चौकातील फलक केव्हाच निघाला. तेथे आता वाढदिवसाचा फलक आहे. बँकेच्या दारातील गृहस्थ अद्याप तेथेच उभे असतात. त्यांच्या वडिलांचे नाव मी माझ्या वहीत त्यांच्याचकडून लिहवून घेतले आहे. यादीची सुरुवात तेथून करता येईल.