कवडीच्या तोंडून

हवानातल्या एखाद्या घरात जमिनीवर चटई पसरलेली असते आणि तिच्यावर सोळा कवड्या टाकल्या जातात. प्रत्येक कवडीची फुगीर पाठ आधीच काढून टाकलेली असते, म्हणजे ती कुठल्याही बाजूवर नीट बसते. दातेरी चिरेची बाजू हे कवडीचं तोंड. किती तोंडं वर आली ते मोजायचं. पाच आली तर नदीची देवी ओचुन बोलते, सात आली तर समुद्राची येमाया. प्रत्येक आकड्यामागे कथा, म्हणी, पथ्यं आणि उपाय यांचं भांडार असतं आणि ते पिढ्यान्‌पिढ्या तोंडपाठ चालत आलंय. बारापर्यंतचा कौल सांतेरो, म्हणजे पुजारी, स्वतः सांगतो. त्यापुढचा आकडा पडला की प्रश्न घेऊन इफा या कौलविद्येच्या जाणकाराकडे, बाबालावोकडे जायचं.

हा सांतेरिया. क्यूबातला धर्म, पण त्याची मुळं आजच्या नैर्ऋत्य नायजेरियातल्या आणि शेजारच्या बेनिनमधल्या योरुबा लोकांत. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांचं ओयोचं साम्राज्य कोसळलं, लढायांत माणसं कैद झाली, विकली गेली आणि क्यूबाच्या उसाच्या मळ्यांवर येऊन पडली. तिथे गुलामगिरी संपायला १८८६ साल उजाडलं.

आणि पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गुलामांची किंमत ज्यांत मोजली जाई, त्यांत कवड्याही होत्या! मालदीवच्या समुद्रातून जहाजं भरभरून त्या तिकडे जात. तुळजाभवानीच्या आराध्यांच्या गळ्यात आपण पाहतो ती कवडी तिथे माणसाचा मोबदला होती. तरी विकल्या गेलेल्या माणसांनी आपल्या देवांची वाणी तिच्यातूनच ऐकणं सोडलं नाही. या गोष्टीपुढे मी दर वेळी थक्क होतो.

सांतेरियात सर्वांचा उगम म्हणजे परमेश्वर ओलोदुमारे. पण रोजचा व्यवहार असतो तो ओरिशांशी, म्हणजे ओचुन, येमाया यांच्यासारख्या देवांशी. ओरिशाची शक्ती दगडांत वसते आणि ते दगड घरात झाकणाच्या सुंदर चिनी मातीच्या भांड्यात ठेवतात, मुळात सूप वाढायच्या भांड्यात. दीक्षेच्या वेळी डोकं भादरून ओरिशा त्या माणसाच्या मस्तकी ‘बसवतात’. मग जवळजवळ वर्षभर त्याने नखशिखांत पांढरे कपडे घालायचे आणि नाना बंधनं पाळायची.

कॅथलिक संतांच्या आड हे देव लपवले, असं सर्रास सांगितलं जातं. मला ते अपुरं वाटतं. विजेचा राजा चांगो हा पुरुष, त्याची जोडी लागली सांता बार्बारा या कुमारिकेशी. कारण तिची हत्या करणाऱ्या बापावर वीज कोसळली, आणि लाल रंगही दोघांचा. निव्वळ मुखवटा हवा असता तर एखादा पुरुष संतच सोयीचा होता. इथे कुणीतरी दोन कथा मन लावून ऐकल्या आणि त्यांतलं नातं ओळखलं. ४ डिसेंबरला, तिच्या सणाला, दोघांचीही पूजा होते.

विधीत कोंबड्याचा किंवा बकऱ्याचा बळी असतो. मांस बहुधा सगळे मिळून खातात. फ्लोरिडातल्या हायालिया शहराने १९८७ मध्ये अशा बळीवर बंदी घातली. लुकुमी बाबालु आये या सांतेरियाच्या मंडळींनी दाद मागितली आणि १९९३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ती बंदी रद्द केली. बाबालु आये हा देवीच्या रोगाचा, त्वचेच्या व्याधींचा ओरिशा; त्याचा संत सान लासारो. १७ डिसेंबरला हवानाजवळच्या एल रिंकोनला नवस फेडायला लोक जातात, त्यांतले कित्येक रस्त्यावरून गुडघ्यांवर सरपटत.