घाव हनुवटीवर, मोड कानापाशी

मूल हनुवटीवर आपटते. जखमेला टाके पडतात. कानापुढच्या सांध्याची, खालच्या जबड्याची बारीक मान मोडल्याचे मात्र नजरेतून सुटते. पुढे सांधा आखडून तोंडच उघडेनासे होऊ शकते. घाव एकीकडे, मोड दुसरीकडे, हे कसे? सीटी स्कॅनवरून संगणकात जबडा उभारतात, त्याचे हजारो चिमुकले तुकडे पाडून प्रत्येकावरचा ताण मोजतात. (या पद्धतीला ‘फायनाइट एलिमेंट’ हे नाव १९६० साली दिले रे क्लफ या स्थापत्य अभियंत्याने!) जबडा घोड्याच्या नालासारखा, हनुवटीवरचे बल दोन्ही टोकांना पोचते. हाड दाब सोसते, ओढले की लवकर तडकते. पडद्यावरची रंगीत चित्रे भुलवतात खरी. पण दात मिटलेले की उघडे, सांधा किती घट्ट, हे आपणच भरतो. ते बदलले की तडाही जागा बदलतो.