चंबळेच्या वाळूवरचे दोन शेजारी

आग्र्याहून ग्वाल्हेरकडे जाताना धौलपूर मागे पडलं की महामार्ग चंबळ ओलांडतो. पुलाजवळचा राजघाट हे राष्ट्रीय चंबळ अभयारण्याचं एक प्रवेशद्वार. हिवाळ्यात इथून होडीने जावं. ऊन तापू लागलं की सुसरी वाळूवर येतात आणि थोडं पुढे मगरही पहुडलेली दिसते. कृष्णाकाठच्या सांगलीकरांना मगर नवी नाही. सुसर मात्र महाराष्ट्रातल्या नद्यांत आढळत नाही.

द्रौपदीने शापलेली नदी म्हणून लोक चंबळेपासून दूर राहिले, पुढे बीहडातल्या दरोडेखोरांच्या धाकाने. त्यामुळेच सुसरींचा जगातला सर्वांत मोठा आसरा इथे टिकला. १९७०च्या दशकात भारतात दोनशेही प्रौढ सुसरी उरल्या नव्हत्या. मग अंडी गोळा करून, पिल्लं वाढवून नदीत सोडण्याचं काम सुरू झालं. मुरैन्याजवळच्या देवरी केंद्रात ते आजही चालतं.

सुसर आणि मगर एका काठावर नांदतात, कारण त्यांच्या गरजा वेगळ्या आहेत. सुसरीचा लांब, चिंचोळा जबडा माशांसाठीच घडलेला. मगरीला मासा, कासव, पक्षी, जनावर काहीही चालतं. मगर काठच्या मातीत बिळं खणते, डबक्यात तग धरते, पाणी आटलं तर जमिनीवरून दुसरीकडे चालत जाते. मोठ्या सुसरीला पोट जमिनीवरून उचलताच येत नाही. तिला खोल वाहतं पाणी हवं आणि त्याला लागून उंच वाळूचा काठ. मार्चअखेर ती त्या वाळूत तीस ते पन्नास अंडी घालते. पिल्लं बाहेर पडली की त्यांचा थवाच्या थवा पाठीवर घेऊन राखण करणारा नर चंबळेतच पाहावा!

म्हणून वाळू उपसली, पाणी अडवलं की घाव आधी सुसरीवर बसतो. शेजारधर्माचं रूपांतर जागेच्या झगड्यात माणसाने केलं आहे, आणि त्यात मगरीचं पारडं जड आहे. गांधीसागरपासून कोटा बंधाऱ्यापर्यंत चार ठिकाणी नदी अडवली आहे. मासेमारीच्या जाळ्यात अडकून सुसरी गुदमरतात. २००७-०८च्या हिवाळ्यात तर शंभरावर सुसरी मेल्या; मूत्रपिंडं निकामी झालेली आढळली. अभयारण्यात वाळूउपशाला बंदी आहे, तरीही ट्रॅक्टर घाटांवर उतरतात. अंडी वाळूत असतात त्या एप्रिल-मे महिन्यांत तरी हे घाट रात्रंदिवस राखायलाच हवेत.