तंबूंच्या मुक्कामासाठी फिरते जनित्र : निवड व वापर

भाताची कापणी होऊन खळी मोकळी झाली आणि वालाच्या शेंगा भरू लागल्या, की पेण व रोहा तालुक्यांत पोपटीचे दिवस सुरू होतात. भांबुर्ड्याचा पाला घालून मडक्यात शिजविलेल्या शेंगा खावयास पूर्वी येत ते मुंबईस नोकरीनिमित्त राहिलेले आप्तेष्ट. अलीकडे मोबदला देऊन शेतावर मुक्काम करणारे पाहुणेही येऊ लागले आहेत. कोलाडच्या परिसरात कुंडलिका नदीवर रबरी तराफ्यांतून होणाऱ्या जलविहारामुळे नदीकाठी तंबूंचे मुक्काम वाढले, आणि राज्य शासनाने २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण मंजूर केल्यावर या जोडधंद्यास रीतसर नोंदणीचा मार्गही मोकळा झाला.

कुंडलिकेचा आणि विजेचा संबंध जुना आहे. मुळशी धरणाचे पाणी घाटाखाली उतरवून भिरा येथे १९२७ पासून वीज निर्माण केली जात आहे. तेथील यंत्रांतून बाहेर पडलेले पाणीच पुढे कुंडलिकेत येते व त्यावर तराफे चालतात. अशा नदीच्या काठी रात्रीच्या दिव्यासाठी पेट्रोल जाळावे लागावे, हा योग चमत्कारिक खरा. परंतु तंबू उभे राहतात ते बहुधा घरापासून दूर, शेताच्या कडेला, जेथे विजेचा खांब नसतो. शिवाय जेथे खांब आहे तेथेही भरवसा किती धरावा, हे ३ जून २०२० रोजीच्या निसर्ग चक्रीवादळाने रायगड जिल्ह्यास दाखवून दिले. खांब व तारा कोसळल्यामुळे कित्येक गावांना दिवसेंदिवस अंधारात राहावे लागले. तेव्हापासून फिरते जनित्र, ज्यास गावात सर्वजण जनरेटर म्हणतात, ते आपल्यापाशी असावे असे अनेकांस वाटू लागले आहे. वाटणे योग्यच आहे. मात्र ते किती शक्तीचे घ्यावे व कोठे ठेवावे, या दोन गोष्टींचा विचार खरेदीपूर्वी झाला नाही, तर पहिल्या चुकीने पैसा जातो व दुसरीने माणूस जाण्याचा संभव असतो.

भाराची मोजदाद

दुकानात जाऊन ‘पाच केव्हीएचे द्या’ असे सांगण्यापूर्वी घरी बसून कागदावर भार मांडावा. समजा, एका शेतकऱ्याने सहा तंबू उभारले आहेत. प्रत्येक तंबूत ९ वॅटचे दोन एलईडी दिवे धरले तर १०८ वॅट होतात. प्रत्येकी ६० वॅटचा एक टेबलपंखा धरल्यास ३६० वॅट. स्वयंपाकाची जागा व अंगण यांसाठी २० वॅटचे चार दिवे, म्हणजे ८० वॅट. बारा पाहुण्यांचे मोबाईल एकाच वेळी लावले तर प्रत्येकी १५ प्रमाणे १८० वॅट. ही बेरीज ७२८ वॅट झाली. त्यात १५० वॅटचा फ्रीज मिळविला की भार ८७८ वॅटवर येतो.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ज्या उपकरणात मोटर असते ते चालू होण्याच्या क्षणी नेहमीच्या कितीतरी पट वीज ओढते. बैल एकदा चालू लागला की गाडी सहज ओढतो, पण रुतलेले चाक पहिल्यांदा हलविण्यास त्यास जोर करावा लागतो, तसाच हा प्रकार आहे. फ्रीजची मोटर त्या क्षणी आणखी सातआठशे वॅट मागू शकते. तेव्हा वरील मुक्कामास क्षणभर का होईना, सुमारे १,६५० वॅट देऊ शकणारे जनित्र हवे.

जनित्रावरील पाटीवर शक्ती बहुधा केव्हीएमध्ये लिहिलेली असते. तिला ०.८ ने गुणले असता किलोवॅट मिळतात, असे सामान्यतः धरावे. म्हणजे २ केव्हीएचे जनित्र १,६०० वॅट देईल व वरील भारास ते थोडे अपुरे पडेल. २.५ केव्हीएचे २,००० वॅट देईल व उन्हाळ्यातील उष्म्यातही त्यास थोडी सवड राहील. पाटीवर दोन आकडे असतील तर मोठा आकडा थोड्या वेळापुरता असतो. सतत चालविण्याचा जो लहान आकडा असेल तोच हिशेबात घ्यावा. विक्रेता मोठा आकडा आधी वाचून दाखवितो, यात नवल नाही.

मिक्सर ७५० वॅटचा असेल तर त्यासाठी मोठे जनित्र घेण्याचे कारण नाही; दोन मिनिटे फ्रीज बंद ठेवला की काम भागते. जुन्या पंख्यांऐवजी ३० वॅटचे नव्या बनावटीचे पंखे लावले तर सहा तंबूंत १८० वॅट वाचतात, आणि मग २ केव्हीएचे लहान जनित्रही पुरे होते.

खरी फसगत होते ती पाण्याच्या पंपापायी. एक अश्वशक्तीचा सिंगल फेज पंप चालताना सुमारे १,१०० वॅट घेतो, पण सुरू होताना त्याच्या तिप्पट किंवा त्याहून अधिक मागतो. दिवे, पंखे व फ्रीज चालू असताना तो लावावयाचा म्हटले तर भार ४,२०० वॅटच्या घरात जातो व साडेपाच-सहा केव्हीएचे यंत्र घेणे भाग पडते. सबंध दिवसातून अर्धा तास चालणाऱ्या पंपासाठी दुपटीहून मोठे यंत्र विकत घ्यावयाचे आणि उरलेला वेळ त्यावर चार दिवे जाळावयाचे, हा व्यवहार आतबट्ट्याचा आहे. त्यापेक्षा घरच्या जोडणीवर दिवसा वीज असताना टाकी भरून ठेवावी व तंबूंपर्यंत पाईपाने पाणी न्यावे. शेतास पाणी देण्याच्या तीन किंवा पाच अश्वशक्तीच्या थ्री फेज पंपाचे तर नावच काढू नये. त्या कामास पेट्रोल किंवा डिझेल इंजिनास थेट जोडलेला पंपच परवडतो. इंजिनाने वीज करावयाची व विजेने पुन्हा मोटर फिरवावयाची, यात दोनदा नुकसान होते.

यंत्राचा प्रकार व इंधन

साध्या पेट्रोल जनित्राचे इंजिन भार असो वा नसो, एकाच वेगाने फिरत राहते. इन्व्हर्टर पद्धतीच्या जनित्रात भार उतरला की इंजिनाचा वेगही उतरतो. त्यामुळे इंधन वाचते, आवाज कमी होतो व मोबाईलसारख्या नाजूक उपकरणांस मानवेल अशी स्थिर वीज मिळते. किंमत अधिक पडते, हा त्याचा दोष. सुमारे २ केव्हीएचे असे यंत्र वीस-बावीस किलो वजनाचे असते, एक माणूस ते बांधावरून उचलून नेऊ शकतो. तेवढ्याच शक्तीचे साधे यंत्र चाळीस किलोच्या आसपास भरते. डिझेलचे यंत्र याहून पुष्कळ जड असते, आणि थोड्या भारावर तासन्‌तास चालविल्यास त्याच्या धुराड्यात काजळी साचते. सहा-आठ तंबूंच्या मुक्कामास ते सोयीचे नाही.

लहान पेट्रोल जनित्रातून एक लिटर पेट्रोलमागे दीड ते दोन युनिट वीज मिळते. पेट्रोलचा दर लिटरास शंभर रुपये धरला तरी एक युनिट पन्नास ते पासष्ट रुपयांस पडते! म्हणून जनित्र हे रात्रभर चालविण्याचे साधन नव्हे. सायंकाळी सात ते दहा ते चालवावे. त्यानंतरच्या एक-दोन दिव्यांसाठी सौर कंदील किंवा दिवसा भरून ठेवलेली बॅटरी पुरेशी होते. ज्यांचे दोन-तीनच तंबू आहेत त्यांनी सौर पट्टी व बॅटरी यांवरच भागते का, हे आधी पाहावे.

आवाज, वारा व जागा

२००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत निवासी क्षेत्रात ४५ डेसिबलची मर्यादा आहे. कारखानदार बहुधा सात मीटर अंतरावरील आवाज सांगतात. तो ६० डेसिबल असेल, तर मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केले की सुमारे ६ डेसिबल उतरतात, या हिशेबाने १४ मीटरवर ५४, २८ मीटरवर ४८ व ५६ मीटरवर ४२ होतात. शांततेसाठी आलेला पाहुणा रात्रभर यंत्राची घरघर ऐकून गेला, तर तो पुन्हा येत नाही. शेजारच्या वाडीतील माणसाला तर जाण्याचीही सोय नसते.

परंतु दूर ठेवण्याचे मोठे कारण आवाज नव्हे, धूर आहे. पेट्रोल इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साईड हा वायू असतो. त्यास रंग नाही व वासही नाही. रक्तातील ज्या द्रव्याने प्राणवायू शरीरभर नेला जातो, त्यास हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो, आणि झोपलेला माणूस जागा न होताच जातो. जानेवारी २०२० मध्ये नेपाळातील दामन येथे मुक्कामास राहिलेले केरळचे आठ प्रवासी, त्यांत चार मुले, बंद खोलीत गॅसची शेगडी उबेसाठी लावून झोपले असता मृत्युमुखी पडले. तेथे जनित्र नव्हते, पण धोका याच प्रकारचा होता. पाऊस आला म्हणून जनित्र तंबूच्या पडवीत ओढून घेणे किंवा चोरीच्या भीतीने गोठ्यात ठेवून दार लावणे, या दोन्ही गोष्टी प्राणावर बेतणाऱ्या आहेत. कमीत कमी सहा मीटर अंतर कधीही सोडू नये. अधिक असेल तितके चांगले.

वाऱ्याचाही विचार करावा. पेण-रोह्याकडे हिवाळ्यात व उन्हाळ्यात दुपारी वारा समुद्राकडून, म्हणजे पश्चिमेकडून येतो व रात्री डोंगराकडून उलट वाहू लागतो. दुपारी वाऱ्याची दिशा पाहून जनित्र तंबूंच्या पूर्वेस ठेवले, तर रात्री नेमका त्याचाच धूर तंबूंवर येईल. यासाठी ते उत्तरेच्या किंवा दक्षिणेच्या अंगास असावे व धुराची नळी तंबूंकडे नसावी. एकाच तंबूतील दोघातिघांचे डोके दुखू लागले, मळमळले किंवा भोवळ आली, तर ती जेवणाची बाधा समजून स्वस्थ बसू नये. सर्वांस मोकळ्या हवेत आणावे, यंत्र बंद करावे व १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

जागा उंचवट्याची हवी. भिऱ्याहून सोडलेल्या पाण्याने कुंडलिकेची पातळी दिवसात वरखाली होते, आणि १९८९ च्या जुलैमध्ये अंबा नदीने नागोठण्यात काय केले ते तेथील वृद्धांस विचारावे. यंत्रावर चारी बाजूंनी उघडे असे छप्पर असावे, खाली फळी किंवा दगडी ओटा असावा.

घराच्या जोडणीशी संबंध

तंबूंच्या तारा जनित्रास स्वतंत्र जोडाव्यात. दोन्ही टोकांस पिना लावलेली तार घरच्या प्लगमध्ये खुपसून घर उजळण्याची युक्ती काहीजण करतात. तसे केल्यास वीज मीटरमधून उलट बाहेर जाते, रोहित्रात तिचा दाब हजारो व्होल्टपर्यंत चढतो, आणि वादळानंतर तुटलेली तार जोडण्यास खांबावर चढलेला महावितरणचा वायरमन तिला हात लावतो. घरासही जनित्राची वीज हवी असेल, तर परवानाधारक वायरमनकडून चेंजओव्हर स्विच बसवून घ्यावा. तंबूंच्या मार्गावर ३० मिलिअँपिअरचा गळतीरोधक स्विच बसविण्यास व जनित्रास भूसंपर्क देण्यास त्यालाच सांगावे. ओल्या गवतावरून अनवाणी चालणाऱ्या मुलांचा जीव त्यावर अवलंबून आहे. तार २.५ चौरस मिलिमीटर तांब्याची, अखंड आवरणाची घ्यावी व जोड जमिनीवर ठेवू नयेत.

ठेवणे व राखणे

परवान्यावाचून ३० लिटरपेक्षा अधिक पेट्रोल साठविता येत नाही. तेही प्लास्टिकच्या बाटल्यांत नव्हे, घट्ट झाकणाच्या धातूच्या डब्यात, चुलीपासून व पोपटीच्या जाळापासून दूर ठेवावे. इंधन घालताना यंत्र बंद करून थंड होऊ द्यावे. सध्याच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेले असल्याने ते कोकणच्या दमट हवेत पाणी शोषते व महिन्याभरात बिघडू लागते. मुक्काम बंद करताना, विशेषतः पावसाळ्यापूर्वी, टाकी व कार्बुरेटर रिकामे करावेत. नव्या यंत्राचे तेल पहिल्या वीस तासांनी व पुढे सुमारे शंभर तासांनी बदलावे. पेणच्या खाडीकाठी खारी हवा तांब्या-लोखंडाच्या जोडांस खाते. तेथे जोड वरचेवर पुसून कोरडे ठेवावेत.

खरेदीच्या वेळी भाराचा कागद बरोबर न्यावा. फ्रीज जोडून यंत्र दुकानातच चालवून दाखविण्यास सांगावे व सात मीटरवर उभे राहून आवाज ऐकावा. त्या बनावटीचे सुटे भाग व दुरुस्ती करणारा कारागीर पेण किंवा रोहा येथे मिळतो काय, हे पैसे देण्यापूर्वी विचारावे. डिसेंबरच्या शनिवारी रात्री यंत्र बंद पडले, तर त्याच्या दुरुस्तीसाठी पनवेल गाठणे शक्य होत नाही.