४के टीव्ही घेताय? आधी सोफ्यापासूनचे अंतर मोजा

३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला. त्यामुळे ‘थोडे पैसे टाकून मोठाच घेऊ’ असा विचार अनेक घरांत होतो. मात्र साइज चुकला तर ४केसाठी मोजलेले जादा पैसे वाया जातात किंवा रोजच्या मालिकाच धूसर दिसू लागतात.

फरक कुठून दिसतो?

फुल एचडी पडद्यावर सुमारे २१ लाख पिक्सेल असतात, तर ४केमध्ये (३८४० x २१६०) सुमारे ८३ लाख, म्हणजे चौपट. पण डोळ्यांनाही मर्यादा असते. लांबून पाहिले की शेजारचे दोन ठिपके एकच वाटतात. ४३ इंची टीव्ही साडेपाच फुटांपेक्षा लांबून पाहिला, तर सामान्य नजरेला दोन्हींतला बारकाव्यांचा फरक जवळपास कळत नाही. ५५ इंचीसाठी ही मर्यादा सुमारे ७ फूट, तर ६५ इंचीसाठी साडेआठ फूट आहे.

साइज कसा काढायचा?

सोफ्यावर बसून डोळ्यांपासून पडद्यापर्यंतचे अंतर इंचांत मोजा आणि त्याला १.६ ने भागा.

• ६ फूट (७२ इंच) : उत्तर ४५, म्हणजे ४३ ते ५० इंची
• ७ फूट (८४ इंच) : उत्तर ५२.५, म्हणजे ५० किंवा ५५ इंची
• ८ फूट (९६ इंच) : उत्तर ६०, म्हणजे ५५ किंवा ६५ इंची

दोन साइजच्या मध्ये उत्तर आले आणि ४के जास्त पाहणार असाल, तर मोठा साइज घ्या. थिएटरसारखा अनुभव हवा असेल तर १.२ ने भागा. हॉल १० फूट रुंद असला, तरी सोफा आणि टीव्ही युनिटची जागा वजा जाता प्रत्यक्ष अंतर ८ फुटांच्या आसपासच उरते.

तुम्ही पाहता काय?

दुकानात खास ४के डेमो व्हिडिओ सुरू असतो आणि आपण तो दोन-तीन फुटांवरून पाहतो. घरी मात्र केबल किंवा डीटीएचवर बहुतेक चॅनेल एसडी किंवा एचडी असतात. एसडी चित्र मोठ्या पडद्यावर ताणले जाते आणि धूसर दिसते. नेटफ्लिक्सवर ४केसाठी प्रीमियम प्लॅन आणि किमान १५ एमबीपीएस वेग लागतो. घरात मुख्यतः एसडी चॅनेलवर मालिका आणि बातम्याच लागत असतील, तर ४३ इंची पुरेसा ठरतो.

पैसे देण्याआधी हे करा

टीव्हीचा साइज कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरका मोजतात. ५५ इंची पडदा सुमारे १२२ सेंमी रुंद आणि ६९ सेंमी उंच असतो. तेवढी जुनी वर्तमानपत्रे भिंतीवर चिकटवून सोफ्यावरून पाहा. शोकेसमध्ये बसवणार असाल तर आतली रुंदीही मोजा. पडद्याचा मध्य बसल्यावर डोळ्यांच्या रेषेत यायला हवा, नाहीतर रोज मान वर करून टीव्ही पाहावा लागेल.