ज्याच्या हाती किल्ल्यांचा जुडगा

वडोदऱ्याच्या जुन्या शहरात पश्चिमेकडून शिरावयाचे झाल्यास लहरीपुरा दरवाजा लागतो. बाहेरच्या अंगाला सूरसागर तलाव व न्यायमंदिराची भव्य इमारत, आणि आतल्या अंगाला बाजारपेठेतून थेट मांडवीपर्यंत गेलेला रस्ता. पूर्वेस पाणी दरवाजा, उत्तरेस चांपानेर दरवाजा, दक्षिणेस गेंडी दरवाजा आणि पश्चिमेस हा लहरीपुरा, अशा चार दरवाजांच्या आत जुने शहर वसले. आज येथे दिवसभर गिऱ्हाइकांची वर्दळ असते आणि दरवाजा लावून घेण्याचे कोणाच्या स्वप्नातही येत नाही. परंतु तटबंदीच्या काळी गोष्ट वेगळी होती. तट कितीही उंच असला तरी शहराची सुखाची झोप अखेर ज्याच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा त्याच्या इमानावर अवलंबून असे.

हा दरवाजा आम्हांस आज आठवला तो एका नव्या कसबाच्या निमित्ताने. आपल्या खेड्यापाड्यांतील अनेक मुले-मुली आता ‘सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटर’ होण्याचे शिक्षण घेऊ लागली आहेत. आईबापांना विचारावे तर ती म्हणतात, “काहीतरी कॉम्प्युटरचे शिकतो आहे.” हे ‘काहीतरी’ म्हणजे नेमके काय, त्यासाठी मोडलेला पैसा सार्थकी लागतो काय, आणि त्या शिक्षणात मुलाच्या अंगी कोणता गुण बाणला पाहिजे, हे घरच्या वडीलधाऱ्यांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

बँक, इस्पितळ, दूधसंघ, वीजमंडळ, कोठेही जा; तेथील नोंदी आता सर्व्हर नावाच्या मोठ्या संगणकावर असतात. एकाच वेळी शेकडो माणसे त्याचा उपयोग करतात. त्या संगणकाचा सारा कारभार हाकणारी जी मूळ प्रणाली, तिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. तिची देखभाल करणारा तो ॲडमिनिस्ट्रेटर. कोणास आत घ्यावयाचे, कोणी काय पाहावयाचे, कोणी काय बदलावयाचे, हे तो ठरवून देतो. लिनक्स या प्रणालीत प्रत्येक फाइलीला वाचणे, लिहिणे व चालविणे असे तीन अधिकार असतात, आणि ते मालक, त्याचा गट व इतरेजन अशा तिघांना वेगवेगळे दिले जातात. पतपेढीची खातेवही हिशेबनिसाने लिहावी, संचालकांनी वाचावी आणि परक्याने तिला हातही लावू नये, असाच हा न्याय आहे. मात्र या सर्वांच्या वर ‘रूट’ नावाचे एक खाते असते. त्याला कशाचीच मनाई नाही. ते काहीही वाचू शकते, काहीही पुसू शकते. किल्ल्यांचा जुडगा म्हणतात तो हाच.

आता गंमत अशी की, हा राखणदार बहुधा दरवाजापाशी नसतोच. सर्व्हर एका शहरी, तो दुसऱ्या शहरी. पूर्वी अशा दूरच्या संगणकात शिरण्यासाठी टेलनेट नावाची रीत होती. तिच्यात गुप्त परवलीचा शब्द उघड्या पोस्टकार्डावर लिहिल्याप्रमाणे वाटेने जाई, आणि वाटेत डोळा ठेवणाऱ्यास तो सहज वाचता येई. फिनलंड देशातील एका तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यात असे शब्द चोरले गेले, तेव्हा तेथील तातू इलोनेन या संशोधकाने १९९५ साली ‘सिक्युअर शेल’ ही नवी रीत तयार केली. हिच्यात सर्व संभाषण सांकेतिक होऊन जाते. शिवाय शब्दाच्या जागी किल्ल्यांची जोडीही वापरता येते. त्यांतील जाहीर किल्ली ही खरे पाहता कुलपासारखी असते. ती दूरच्या सर्व्हरवर खुशाल ठेवावी. खासगी किल्ली मात्र आपल्यापाशीच राहते आणि ते कुलूप तिनेच उघडते. ती मित्राला उसनी देणे म्हणजे घराची किल्ली चव्हाट्यावर टांगण्यासारखे आहे.

आमच्या परिचयाचा एक तरुण वडोदऱ्यास राहून हे काम शिकत होता. एके रात्री परगावच्या एका सर्व्हरवर तो फायरवॉलचे, म्हणजे संगणकाच्या वेशीवरील पहाऱ्याचे, नियम बदलीत होता. नको त्या वाटा बंद कराव्यात, हा हेतू चांगला होता; परंतु एका ओळीत चूक झाली आणि ज्या वाटेने तो स्वतः आत आला होता तीच वाट बंद झाली. राखणदार बाहेर आणि दरवाजा आतून लागलेला! सकाळी दहाला कचेरी उघडणार होती. “बोलू नये, वीज गेली होती म्हणून सांगावे,” असा विचार मनात आल्याचे त्याने आमच्यापाशी प्रांजळपणे कबूल केले. तरी अखेर धीर करून त्याने रात्रीच आपल्या वरिष्ठांना उठवून खरे ते सांगितले. त्या गावी असलेल्या एका माणसाला कचेरीत पाठवून पहाटेपूर्वी काम मार्गी लागले. वरिष्ठ रागावले नाहीत. ते एवढेच म्हणाले, “बाबा रे, दूरचा पहारा बदलताना आधी परतीची सोय करावी. दहा मिनिटांनी जुने नियम आपोआप परत येतील अशी योजना लावून ठेवावी, नवे नियम दुसऱ्या खिडकीतून तपासावेत, आणि सारे ठीक दिसले म्हणजे मगच ती योजना काढावी.”

हा धडा पुस्तकातही आहे. परंतु त्या रात्री तो त्याच्या हाडीमासी खिळला. आम्हांस मात्र त्याहून मोलाची वाटली ती त्याची कबुली. या धंद्यात चूक प्रत्येकाच्या हातून होते. चूक लपविणारा राखणदार मात्र चोराइतकाच महागात पडतो, कारण वेळेवर कळलेली चूक दुरुस्त होते, दडपलेली चूक आतल्या आत वाढते.

निष्काळजीपणाची किंमत केवढी असते हे आपल्या देशाने पाहिले आहे. २०२२ च्या नोव्हेंबर महिन्यात दिल्लीच्या एम्स या सरकारी रुग्णालयाच्या संगणकांवर हल्ला झाला. पाच सर्व्हरवरील सुमारे १.३ टेराबाइट माहिती हल्लेखोरांनी कुलूपबंद करून टाकली. कित्येक दिवस रुग्णांच्या नोंदी हाताने लिहाव्या लागल्या. दूरदूरच्या गावांहून आलेल्या आजाऱ्यांचे काय हाल झाले असतील, ते सांगावयास नको. जाळ्याची नीट विभागणी केलेली नव्हती म्हणून हल्लेखोरांस शिरकाव मिळाला, असे सरकारने संसदेत सांगितले. विभागणी म्हणजे घराच्या आत आणखी दारे असणे. ओसरीवर आलेला चोर सरळ माजघरात जाऊ नये, याची तजवीज. मात्र एक गोष्ट तेथे तारक ठरली. नोंदींची एक प्रत वेगळ्या, हल्ल्यातून वाचलेल्या सर्व्हरवर होती, आणि तिच्यावरून रुग्णांची माहिती परत मिळविता आली. म्हणूनच जाणते लोक सांगतात की, महत्त्वाच्या माहितीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन प्रकारच्या साधनांवर असाव्यात, आणि एक प्रत दुसऱ्या गावी असावी. प्रत काढून ठेवणे पुरेसे नाही. ती परत उघडते काय, हे अधूनमधून पाहिले पाहिजे. कणगीतले बियाणे पेरणीपूर्वी उगवून पाहणाऱ्या शेतकऱ्यास हे वेगळे समजावून देण्याचे कारण नाही.

हे शिक्षण मिळावे कोठे? वडोदऱ्याला कसबी शिक्षणाची परंपरा जुनी आहे. सयाजीराव महाराजांनी १८९० साली तेथे कलाभवन स्थापिले. त्याचे पहिले प्रमुख त्रिभुवनदास गज्जर यांचा आग्रह असा की, तंत्रविद्या मातृभाषेतून शिकवावी व हाताने करून शिकावी. पुढे चित्रपटसृष्टीचे जनक ठरलेले दादासाहेब फाळके हे याच कलाभवनाचे विद्यार्थी होत. ‘हाताने करून शिकावे’ हे सूत्र या नव्या विद्येलाही तंतोतंत लागू पडते.

दहावी उत्तीर्ण झालेल्यांसाठी सरकारी आयटीआयमध्ये ‘कोपा’ हा संगणकाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. त्याने पाया घातला जातो; इमारत पुढे चढवावी लागते. पदवीनंतर, १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक या सरकारी संस्थेचा प्रणाली, जाळे व सुरक्षा या विषयांचा सुमारे सहा महिन्यांचा पदविका अभ्यासक्रम आहे. खासगी वर्गांची तर गल्लोगल्ली रेलचेल आहे. अशा वर्गात फी भरण्यापूर्वी पालकांनी दोन प्रश्न विचारावेत. प्रत्येक मुलाला मोडून पुन्हा उभारावयास स्वतंत्र यंत्र मिळते काय? आणि परीक्षा कागदावर होते की यंत्रावर? रेड हॅट या कंपनीच्या परीक्षेत उमेदवाराला प्रत्यक्ष यंत्रावरच काम करावे लागते, आणि यंत्र बंद करून पुन्हा सुरू केल्यावर जे काम टिकते त्यालाच गुण मिळतात. कसोटी असावी तर अशी!

ज्यांना फी झेपत नाही त्यांनीही निराश होऊ नये. १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने आरंभिलेली लिनक्स प्रणाली फुकट मिळते. घरच्या जुन्या संगणकावरही ती घालता येते, आणि मोडली तर पुन्हा घालता येते. रोज तासभर अशी खटपट करणारा मुलगा प्रमाणपत्रे गोळा करणाऱ्याच्या पुढे गेल्याशिवाय राहत नाही.

अखेरीस एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. ज्याच्या हाती रूटचा अधिकार, त्याला गावच्या सावकाराचे खाते, शेजाऱ्याचा आजार, मित्राचा पगार, सारे पाहता येते. पाहता येते म्हणून पाहावे काय? कायदा म्हणतो, नाही. २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ व्या कलमानुसार, परवानगीवाचून व अप्रामाणिक हेतूने दुसऱ्याच्या संगणकात शिरणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. कोण केव्हा आत आला याच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवाव्यात, असा सरकारी आदेश २८ एप्रिल २०२२ रोजी निघाला. परंतु रूटच्या खात्याला नोंदही पुसता येते. तेथे कायद्याचा हात उशिरा पोहोचतो. तेथे कामी येते ते घरचे वळण. दुसऱ्याचे पत्र उघडू नये, सोपविलेल्या पैशाला हात लावू नये, चुकले तर चुकले म्हणावे, हे आपण मुलांना संगणक येण्यापूर्वीपासून शिकवीत आलो आहो.

तेव्हा, आईबापांनो, मुलगा वा मुलगी हे शिक्षण घेत असेल तर संगणकाच्या आज्ञा आपल्याला समजत नाहीत म्हणून संकोचू नका. जेवताना एवढेच विचारा, “आज कोणाच्या किल्ल्या तुझ्या हाती होत्या? आणि त्या तू जशाच्या तशा परत केल्यास ना?”