तिसरी पिन कापू नका

सांगलीत १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगवलं तेव्हा आवाज पोचवायला फक्त गळा होता. आज सातारा-सांगलीकडच्या जत्रांत, गणेशोत्सवात ते काम पॉवर्ड मिक्सर करतो. मिक्सर आणि अ‍ॅम्प्लिफायर एकाच पेटीत. ही पेटी वापरताना सगळ्यात घातक चूक म्हणजे स्पीकरमधली घूं घालवण्यासाठी प्लगची तिसरी, जाड, अर्थिंगची पिन काढून टाकणं. घूं जाते, हे खरं. पण आतली एखादी वायर सुटून पत्र्याला टेकली, तर पेटीला करंट उतरतो आणि केबलच्या जाळीतून माइकपर्यंत पोचतो. भाद्रपदातल्या ओल्या मांडवात अनवाणी उभ्या गायकाचे ओठ नेमके तिथेच टेकलेले असतात.

‘इतकी वर्षं काही झालं नाही’ हा पुरावा नव्हे. बिघाड होईपर्यंत अर्थिंगचं काम दिसतच नाही. शिवाय घूं बहुतेकदा येते ती मिक्सर एका सॉकेटवर आणि कीबोर्ड दुसऱ्यावर असल्यामुळे: दोन अर्थिंगमध्ये ५० हर्ट्झचा प्रवाह केबलमधून फिरतो. दोन्ही एकाच बोर्डावर घ्या. तरीही घूं राहिली तर कीबोर्ड आणि मिक्सरच्या मध्ये, हा फिरणारा प्रवाह तोडणारा डीआय बॉक्स लावा. देवळातल्या जुन्या सॉकेटला अर्थिंगच नसतं, हा आक्षेप मात्र रास्त आहे. तिथे परवानाधारक वायरमनकडून आधी अर्थिंग करून घ्यावं, सोबत करंट गळताच वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवावा. त्याचा खर्च मांडवाच्या रोषणाईआधी धरायला हवा.